चार हात पुढची जमीन

मीरा रोड स्टेशनच्या पूर्वेला उतरलेला माणूस शांती नगरकडे चालत नाही, सुटतो. रिक्षा, भाजीच्या गाड्या, हातात मोबाइल. या भागात जैन कुटुंबे पुष्कळ, त्यामुळे याच गर्दीतून कधी एखादी साध्वी अनवाणी जाताना दिसते. नजर खाली, चार हात पुढच्या जमिनीवर.

या चालण्याला ईर्यासमिती म्हणतात; जैन साधु-साध्वींनी पाळायच्या पाच समितींपैकी, म्हणजे सावधपणाच्या नियमांपैकी, ही पहिली. मुंगी, ओला कोंब, सांडलेले धान्य पायाखाली येऊ नये, एवढ्यासाठी पाऊल सावकाश. बारकावे पाहणे इथे मनःशांतीचा छंद नाही, अहिंसेची अट आहे. पावसाळ्यात जीवजंतू वाढले की विहारच थांबतो आणि चातुर्मासभर मुक्काम एके ठिकाणी.

पण देवाकडे लक्ष लागले की पायाखालचे सुटते का? वारकरी संत गोरा कुंभाराच्या कथेत तेच घडते. नामात रंगून माती तुडवताना रांगते मूल चिखलात येऊन तुडवले जाते आणि बापाला कळत नाही. पुढे विठ्ठल मूल परत देतो, हे खरे. तरी प्रश्न काही मिटत नाही. वारकऱ्यांनी ही कथा लपवली नाही, हे मात्र मोठेच.

तिसरी वाट जवळच आहे. गोराईचा विपश्यना पॅगोडा २००९मध्ये खुला झाला. विपश्यनेचे आचार्य सत्यनारायण गोयंका यांच्या पद्धतीच्या दहा दिवसांच्या शिबिरात सुरुवातीचे तीन दिवस फक्त नाकपुडीशी येणारा-जाणारा श्वास पाहायचा.

मोबाइल पहिल्याच दिवशी जमा करावा लागतो.