राखणदाराचा हक्क



दर जुमुआला आपल्यापैकी अनेकजण सूरह कहफचे पठण करतात. आपली श्रद्धा वाचविण्यासाठी गुहेत आश्रय घेणाऱ्या तरुणांची हकिकत त्या सूरहमध्ये आहे आणि त्या तरुणांसोबत त्यांचा कुत्राही आहे. अठराव्या आयतीत तो गुहेच्या उंबरठ्यावर पुढचे पाय पसरून बसलेला दिसतो. बाविसाव्या आयतीत लोकांचा वाद येतो. कोणी म्हणते ते तिघे होते व चौथा त्यांचा कुत्रा, कोणी म्हणते पाच व सहावा कुत्रा, तर कोणी सात व आठवा कुत्रा. त्यांची संख्या अल्लाहच उत्तम जाणतो, तेव्हा या वादात गुंतू नये, अशी शिकवण तेथे मिळते. ही सूरह मी लहानपणापासून पाठ म्हणत आलो. परंतु तिच्यातील संख्येच्या वादाकडे माझे खरे लक्ष गेले ते गेल्या धानाच्या हंगामात, एका शेतकऱ्याने माझ्यापुढे संख्येचाच एक प्रश्न ठेवला तेव्हा.

आमचा गोंदिया जिल्हा हा धानाचा आणि तलावांचा प्रदेश. नवेगाव-नागझिरा व्याघ्र प्रकल्पाचे जंगल अनेक गावांच्या बांध्यांना येऊन भिडते. पीक हातात येण्याच्या दिवसांत रानडुकरांचा कळप एका रात्रीत उभ्या धानाची नासाडी करतो. कापणी झाली की धानाचे पुंजने मळणी होईपर्यंत वावरातच असतात आणि त्यांचीही जागल करावी लागते. म्हणून येथील शेतकऱ्याच्या दारी कुत्रा असतो तो हौसेने नव्हे.

त्या गृहस्थांकडे दोन कुत्रे होते. पहिला दहा-बारा वर्षांचा. त्याला ऐकू येईनासे झाले होते आणि दातही झिजले होते. दुसरा धडधाकट. पावसाळ्यात कुठूनसे एक पिल्लू गोठ्यात येऊन राहिले आणि घरातील नात त्याला आपल्या ताटातला भात घालू लागली. असरच्या नमाजपूर्वी आजोबा मशिदीत आले आणि त्यांनी विचारले, “इमाम साहेब, तिसरा कुत्रा ठेवणे जायज आहे का?”

मी मदरशात शिकलेले उत्तर थोडक्यात दिले. गरजेपुरतीच परवानगी आहे, तुमच्याकडे दोन आहेतच, तेव्हा तिसरा नको. त्यांनी मान डोलावली. उठता उठता ते म्हणाले, “मग असे करतो. म्हातारा आता कामाचा राहिला नाही. त्याला जंगलाकडे सोडून येतो, म्हणजे पिल्लू धरून दोनच होतील.”

अजानची वेळ झाली होती. मी काही बोललो नाही. वाचकहो, माझे ते न बोलणे मला रात्रभर टोचत राहिले. त्या टोचणीतून जे उमगले, ते आपल्यापुढे ठेवत आहे.

परवानगी कशाची?

प्रथम शरीअतचा मसला नीट समजून घेऊ. बुखारी व मुस्लिम या दोन्ही हदीससंग्रहांत प्रेषित मुहम्मद (स.) यांची अशी ताकीद आली आहे की, जो विनाकारण कुत्रा पाळतो त्याच्या सत्कर्मांतून दररोज एक कीरात घटतो. काही निवेदनांत दोन कीरात म्हटले आहे. शिकार आणि जनावरांची राखण यांना यातून वगळले आहे. हजरत अबू हुरैरा (रजि.) यांच्या निवेदनात तिसरी बाब येते, ती म्हणजे शेती. हजरत इब्ने उमर (रजि.) यांना हे सांगण्यात आले तेव्हा ते म्हणाले की, अबू हुरैरांची शेती होती. काहींना या उद्गारात शंका दिसते. इमाम नववी (रह.) मात्र त्याचा सरळ अर्थ लावतात. ज्याची शेती असते त्याला शेतीचा हुकूम विशेष लक्षात राहतो. आमच्या धानपट्ट्यातील शेतकऱ्याला तो शब्द किती जवळचा वाटावा!

हिजरी सनाच्या सातव्या शतकातील हेच इमाम नववी आणखी एक मोलाची गोष्ट सांगतात. या परवानगीची इल्लत, म्हणजे तिचे मूळ कारण, गरज हे आहे. म्हणूनच घराच्या राखणीसाठी कुत्रा ठेवणेही त्यांच्या मते अधिक योग्य मतानुसार जायज ठरते. आणि लहान पिल्लाचे काय, जे आज राखण करू शकत नाही? हंबली फिकहचे थोर विद्वान इब्ने कुदामा (रह.) यांनी या प्रश्नाचाही विचार केला आहे. वर सांगितलेल्या कामांसाठी तयार करण्याच्या हेतूने पिल्लू वाढविणे बळकट मतानुसार जायज आहे, असे ते लिहितात.

हे सर्व नजरेसमोर आणले तेव्हा माझ्या उत्तरातील चूक मला दिसली. शरीअतने कुठेही ‘दोन’ असा आकडा सांगितलेला नाही. तिने कारण विचारले आहे. मी मात्र कारण न विचारता डोकी मोजली. त्यांचा एक कुत्रा राखणीला असमर्थ झाला होता. वावर मोठे, जंगल लागून. तेव्हा नव्या राखणदाराची गरज खरी होती. याउलट शहरातील एखाद्या घरात केवळ शेजाऱ्याने आणला म्हणून महागड्या जातीचा एकच कुत्रा आणला, तर तो एकही जास्तच आहे.

पाकी आणि दया

कुत्र्याचा विषय निघाला की आपल्या घरांत पहिली चर्चा नापाकीची होते. ती आवश्यक आहे, पण तिची मर्यादाही ठाऊक असावी. हनफी मतानुसार कुत्र्याची लाळ नापाक आहे. त्याचे कोरडे अंग कपड्याला लागले म्हणून कपडा नापाक होत नाही. कोकणातील आपले बहुसंख्य बांधव शाफिई मताचे आहेत. त्या मतात कुत्र्याचे सारे शरीर नापाक मानले जाते आणि त्याने तोंड घातलेले भांडे सात वेळा, त्यात एकदा मातीने, धुणे अनिवार्य आहे. मालिकी विद्वान कुत्र्याला मुळात पाक मानतात. प्रत्येकाने आपल्या मताप्रमाणे वागावे. ज्या घरात कुत्रा असतो तेथे रहमतचे फरिश्ते येत नाहीत, या अर्थाची हदीसही आपण जाणतो. म्हणून राखणीच्या कुत्र्याची जागा गोठ्यात, वावरातील झोपडीपाशी असावी. निजण्याच्या व नमाजच्या खोलीत नसावी.

परंतु नापाकीचा हुकूम हा तिरस्काराचा हुकूम नव्हे. प्रेषितांच्या (स.) काळात मस्जिदे नबवीतून कुत्रे ये-जा करीत आणि त्यासाठी लोक तेथे पाणी शिंपडीत नसत, असे हजरत इब्ने उमर (रजि.) सांगतात. तहानेने माती चाटणाऱ्या कुत्र्यासाठी विहिरीत उतरून आपल्या चामडी मोज्यात पाणी भरून आणणाऱ्या माणसाची हदीस तर आपल्या मुलांनाही पाठ आहे. अल्लाहने त्याचे ते कृत्य स्वीकारले आणि त्याला क्षमा केली. बी.ए.ला मराठी शिकताना मी संत एकनाथांची कथा वाचली. रामेश्वरासाठी नेत असलेले गंगेचे पाणी त्यांनी वाटेत तडफडणाऱ्या गाढवाला पाजले. तेव्हा मला या हदीसचीच आठवण झाली होती. तहानलेल्या जिवाला पाणी देणे हे थोर कर्म आहे, हे या मातीलाही ठाऊक आहे.

येथे एक भेद ध्यानात घ्यावा. पाणी पाजणे वेगळे आणि पाळणे वेगळे. विहिरीवरच्या त्या माणसाने कुत्रा घरी नेला नाही. दया करण्यासाठी कुणाच्या परवानगीची गरज नाही. त्या नातीने पिल्लाला भात घातला, त्यात सवाबच आहे. पाळण्याला मात्र गरज लागते, कारण पाळणे ही जबाबदारी आहे. मांजरीला कोंडून उपाशी मारणाऱ्या स्त्रीची हदीस आठवा. तिने मांजरीला स्वतः खाऊ घातले नाही आणि जमिनीवरचे किडे-उंदीर खायलाही मोकळे सोडले नाही. ज्या क्षणी आपण एखाद्या जिवाला आपल्या दाराशी बांधतो, त्या क्षणी त्याच्या भुकेचा जाब आपल्याकडे येतो.

म्हाताऱ्याचे काय?

आता मूळ प्रश्नाकडे येतो. पिल्लू ठेवायचे म्हणून म्हाताऱ्याला सोडून द्यायचे का? एखादा म्हणेल की, परवानगी गरजेपुरती होती. गरज संपली, परवानगी संपली. ही मांडणी वरवर नीट दिसते. पण ती गरज कुणाची होती? आपली. दहा वर्षे त्याने आपली गरज भागवली. आता गरज त्याची आहे, तर हिशोब मिटला म्हणायचे?

इमाम इज्जुद्दीन बिन अब्दुस्सलाम (रह.) यांचा मृत्यू हिजरी 660, म्हणजे इसवी सन 1262 मधला. त्यांनी माणसावर असलेल्या जनावरांच्या हक्कांची यादी दिली आहे. तिच्यातील पहिलीच बाब अशी की, जनावराच्या योग्यतेप्रमाणे त्याच्यावर खर्च करावा; ते जरी वय झाल्याने वा आजाराने असे झाले असेल की त्यापासून काहीच लाभ उरला नाही, तरीही. साडेसातशे वर्षांपूर्वीच्या या फकीहने जणू आमच्या गावचा तो म्हातारा कुत्रा पाहूनच हे लिहिले असावे! अबू दाऊदमधील हदीस त्याला बळ देते. एका अन्सारीच्या बागेतील उंट प्रेषितांना (स.) पाहून रडला. प्रेषितांनी (स.) त्याच्या मालकाला अल्लाहचे भय बाळगण्यास सांगितले, कारण मालक त्याला उपाशी ठेवतो व थकवून टाकतो अशी त्या मुक्या जिवाची तक्रार होती.

शिवाय ‘जंगलाकडे सोडणे’ म्हणजे काय ते आमच्या जिल्ह्यात सर्वांना कळते. बहिरा, दात झिजलेला कुत्रा बिबट्याच्या तोंडी जातो किंवा उपासाने मरतो. जगलाच, तर आजार जंगलातल्या प्राण्यांत नेतो किंवा दुसऱ्या गावच्या मुलांच्या वाटेत उभा राहतो. 2025 साली भटक्या कुत्र्यांचा प्रश्न सर्वोच्च न्यायालयात गाजला आणि देशभर वाद झाला. सरकारने काय करावे, यावर आपणही तावातावाने बोललो. पण रस्त्यावरची काही कुत्री एके काळी कुणाच्या तरी दाराशी होती, हे कुणी बोलले नाही. भुकेने-तहानेने हाल होतील अशा स्थितीत जनावर सोडून देणे हा 1960 च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यानेही गुन्हा आहे. त्याचा दंड नाममात्र आहे. आखिरतचा जाब नाममात्र नसेल.

दुसऱ्या दिवशी फज्रनंतर मी त्यांच्या वावरात गेलो. म्हातारा पुंजन्याच्या आडोशाला पडला होता. त्याला पाहून माझ्या जिवात जीव आला. मी म्हणालो, “चाचा, काल मी अर्धेच उत्तर दिले. ते परत घ्यायला आलो आहे.” त्यांनी शांतपणे ऐकले आणि मग विचारले, “इमाम साहेब, तिघांचा तांदूळ तुमच्या घरून येणार का?”

हा प्रश्न उद्धट नव्हता, खरा होता. ज्याच्या घरी माणसांचेच जेमतेम भागते त्याला हे विचारण्याचा हक्क आहे. मी म्हणालो, “तीन पोसवत नसतील तर तिसऱ्याला नको म्हणा. ज्याला राखणीची गरज आहे असा दुसरा शेतकरी शोधून पिल्लू त्याच्या हाती द्या, मीही शोधतो. पण जागा करण्यासाठी पहिल्याला हाकलू नका. त्याचा हक्क आधी लागला आहे.”

ते बराच वेळ बोलले नाहीत. नंतर नातीला हाक मारून त्यांनी म्हाताऱ्यासमोर कालच्या भाताची पेज ठेवायला सांगितली. पिल्लूही अखेर त्यांच्याकडेच राहिले. तिघांनाही पशुवैद्यकीय दवाखान्यात नेऊन रेबीजची लस टोचली. रात्री म्हाताऱ्याला बाहेर न बांधता गोठ्यात घेतात. त्या घराचा खर्च वाढला आहे, हे मी नाकारत नाही.

आपला निर्णय

वाचकहो, आपल्यापैकी कुणापुढे असा प्रश्न आला तर त्याने ‘किती’ हे शेवटी विचारावे. आधी विचारावे की, याची खरी गरज आहे का, की केवळ हौस आहे? याला अन्न, निवारा आणि दरवर्षी लस देण्याची ऐपत आहे का? आणि हा निकामी होईल त्या दिवशीही मी याला खाऊ घालीन का? तिसऱ्या प्रश्नाला ‘होय’ म्हणता येत नसेल तर पहिला कुत्रासुद्धा आणू नये. म्हाताऱ्या कुत्र्याबाबतचे माझे मत मी विद्वानांच्या आधारे मांडले आहे. आपल्या मताच्या जाणकार आलिमांना जरूर विचारावे.

कामाचा असेपर्यंत आपला आणि काम सरले की परका, ही सवय गोठ्यात लागते आणि हळूहळू घरात शिरते. उद्या तीच मोजणी आपल्या दारातल्या म्हाताऱ्या सालगड्याला लागते, परवा अंथरुणाला खिळलेल्या आईबापाला. गुहेतील त्या तरुणांची नेमकी संख्या आजही लोकांना ठाऊक नाही. परंतु उंबरठ्यावर पाय पसरून बसलेल्या त्यांच्या राखणदाराचा उल्लेख कयामतपर्यंत पठणात राहील. अल्लाहने ज्याला विसरू दिले नाही, त्याच्या जातीच्या मुक्या जिवाला आपण कसे विसरावे?

अल्लाह आपल्याला मुक्या जिवांच्या बाबतीत त्याचे भय बाळगण्याची सद्बुद्धी देवो आणि आपल्या अर्ध्या उत्तरांना क्षमा करो. आमीन.