कायद्याची सबब

अमेरिकेंत जॉर्जिया संस्थानांतील ऑक्सफर्ड या लहानशा गांवीं १८४१ सालीं मेथडिस्ट मंडळीनें उपासनामंदिर बांधिलें. तेथें राहणारे बिशप अँड्रू यांच्या मालकींत गुलाम होते. संस्थानचा कायदा त्यांस मुक्त करूं देत नाहीं, अशी त्यांची सबब होती. या वादावरून १८४४ सालीं मेथडिस्ट मंडळी दुभंगली. उत्तर व दक्षिण शाखा १९३९ सालीं पुन्हां एक झाल्या; तरी काळ्या बांधवांचा विभाग १९६८ पर्यंत निराळाच राहिला.

कायद्यानें हात बांधले, हें क्षणभर मान्य करूं. परंतु ज्यास बंधन खरोखर जाचतें, तो सुटकेसाठीं धडपडतो. ज्यास त्यांतच सोय वाटते, त्याची सबब देवापुढें टिकत नाहीं. प्रिय वाचकहो, 'रीतच अशी आहे' असें म्हणण्यापूर्वीं, ती मोडावी म्हणून आपण काय केलें, हें स्वतःस विचारूं या.