मोठ्या माणसाचं विमान

होमी भाभांना कोणी मारलं, हा प्रश्न आपल्याकडे असा विचारला जातो की उत्तर देणाऱ्याने फक्त खुन्याचं नाव सांगायचं. संदर्भही तयारच असतो. ऑक्टोबर 1965 मध्ये भाभांनी आकाशवाणीवर सांगितलं, की ठरवलं तर भारत दीड वर्षात अणुबॉम्ब बनवू शकतो. 11 जानेवारी 1966 ला ताश्कंदमध्ये पंतप्रधान शास्त्रीजींचं निधन झालं. तेरा दिवसांनी, 24 जानेवारीला, भाभांना घेऊन निघालेलं एअर इंडियाचं ‘कांचनजंगा’ हे बोइंग 707 आल्प्समधल्या माँ ब्लाँ शिखराच्या अंगावर आदळलं. त्याच दिवशी दिल्लीत इंदिरा गांधींनी पंतप्रधानपदाची शपथ घेतली. एवढ्या तारखा एका ओळीत आल्या की मधल्या जागा मन आपणच भरून काढतं. पुढे एका निवृत्त सीआयए अधिकाऱ्याच्या तोंडी घातलेली कबुली पुस्तकातून बाहेर आली. ती छापली गेली तेव्हा तो अधिकारी हयात नव्हता. आपल्याकडे तिला कोर्टातल्या साक्षीचा मान मिळाला.

त्या विमानात 117 माणसं होती, 106 प्रवासी आणि 11 कर्मचारी. मुंबईहून दिल्ली, बैरूत, जिनिव्हा, लंडन आणि न्यूयॉर्क असा त्याचा मार्ग. भाभा व्हिएन्नाला आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेच्या बैठकीला निघाले होते.

बैरूतहून विमान उडालं तेव्हा त्याच्या दोन व्हीओआर यंत्रांपैकी एक बंद होतं. जमिनीवरच्या रेडिओ केंद्रापासून आपण कोणत्या दिशेला आहोत, हे व्हीओआर सांगतं. दोन केंद्रांच्या दिशा एकदम दिसल्या तर त्या जिथे छेदतात तिथे आपण असतो, हा साधा हिशेब. एकाच यंत्रावर तो करायचा तर एका केंद्राची दिशा घ्यायची, मग दुसऱ्याची. मधल्या काळात जेट काही मैल पुढे गेलेलं असतं. वैमानिकाची समजूत झाली की माँ ब्लाँची रांग आपण ओलांडली आहे.

जिनिव्हाच्या नियंत्रकाला ही चूक कळली होती. रडारवर विमान कुठे आहे हे त्याला दिसत होतं, आणि कटकथेत नेमकी हीच गोष्ट कधी येत नाही. 19 हजार फुटांवर राहा, ढगांच्या माथ्यापासून हजार फूट वर राहून स्वच्छ नजरेने उतरता येत असेल तरच उतरा, असं त्याने आधी सांगितलं होतं. वैमानिकाने कळवलं की आपण तसेच आहोत. मग नियंत्रकाने माँ ब्लाँ पाच मैलांवर असल्याचं सांगितलं. या आकड्याने वैमानिक सावध होईल, असं त्याला वाटलं. वैमानिकाच्या कानांवर आकडा पडला, पण तो डोंगर पुढे आहे हा अर्थ पोचला नाही. ठीक, असं म्हणून त्याने विमान उतरवायला घेतलं. स्थानिक वेळ सकाळी आठच्या जरा पुढे. पाच मैल म्हणजे जेटला मिनिटभराचं अंतर. सुमारे 4,750 मीटर उंचीवर, शिखराच्या जरासं खाली, तूर्नेतच्या खडकांपाशी सगळं संपलं. फ्रेंच चौकशी आयोगाचा निष्कर्षही हाच होता: चूक नियंत्रकाने ओळखली, पण ती दुरुस्त करणारी सूचना पुरेशा नेमक्या शब्दांत गेली नाही, म्हणून वैमानिकाला उमगली नाही.

मला हा निष्कर्ष कोणत्याही गुप्तहेराच्या गोष्टीपेक्षा भयंकर वाटतो. कटात निदान आपल्या माणसाचं वजन मान्य केलेलं असतं. त्याला मारण्यासाठी एका महासत्तेला खटपट करावी लागली, असं म्हणता येतं. इथे एक बिघडलेलं यंत्र, एक अर्धवट सूचना आणि एक ‘ठीक’. भाभांसारख्या माणसाचं मरण एवढ्या क्षुल्लक कारणाने यावं हे पचत नाही. म्हणून आपण त्याला शोभेल असं कारण शोधतो.

याचा पुरावा त्याच डोंगरावर आहे. 3 नोव्हेंबर 1950 ला, तूर्नेतच्या त्याच खडकांच्या परिसरात, जिनिव्हाकडेच निघालेलं एअर इंडियाचंच ‘मलबार प्रिन्सेस’ आदळलं होतं. हे कॉन्स्टेलेशन विमान. जून 1948 मध्ये मुंबई ते लंडन ही पहिली सेवा सुरू झाली ती याच विमानाने, आणि त्या फेरीत जे. आर. डी. टाटा स्वतः होते. 1950 च्या त्या फेरीत मात्र प्रवासी जवळजवळ सगळे भारतीय खलाशी होते, इंग्लंडमध्ये जहाजावर रुजू व्हायला निघालेले. कर्मचारी धरून 48 जण गेले. शोधाला चढलेल्या पथकातला शामोनीचा वाटाड्या रने पायो हिमभेगेत पडून मेला. फ्रेंच लेखक आंरी त्रोयाने या अपघातावरून कादंबरी लिहिली, तिच्यावर हॉलिवूडने स्पेन्सर ट्रेसीला घेऊन चित्रपट केला.

डोंगर तोच, कंपनी तीच, उतरायचं ठिकाणही तेच. पण मलबार प्रिन्सेस कोणी पाडलं, असं विचारणारा माणूस मला भेटलेला नाही. खलाशांच्या विमानाला अपघात होऊ शकतो. शास्त्रज्ञाच्या विमानाला होऊ शकत नाही, असा आपला न बोललेला नियम दिसतो. मग 1966 च्या उरलेल्या 116 जणांचं काय? कटकथेत ते भाभांच्या सोबतीला बसलेली गर्दी म्हणून येतात आणि फार तर एका वाक्यात संपतात.

माँ ब्लाँवरच्या बोसों हिमनदीला मात्र हा भेद माहीत नाही. वर पडलेलं ती दशकानुदशकं खाली आणते आहे. 2012 मध्ये परराष्ट्र मंत्रालयाचा शिक्का असलेली टपालाची पिशवी सापडली, तेव्हा इकडे पुष्कळांचे कान टवकारले. आतून निघाली ती वर्तमानपत्रं, कॅलेंडरं, पत्रव्यवहार. 2013 मध्ये एका तरुण गिर्यारोहकाला पाचू, नीलम, माणकांची पेटी मिळाली आणि त्याने ती पोलिसांकडे नेऊन दिली. मला तरी या सगळ्या प्रकरणातली ही सर्वांत अचंब्याची बातमी वाटते. 2020 मध्ये बर्फातून निघालेल्या वर्तमानपत्रांच्या अंकांवर इंदिरा गांधी पंतप्रधान होणार असल्याचे मथळे होते.

रत्नांची मालकी ठरवायला आठ वर्षं लागली. ती कोणाची होती, कोणाकडे पोचायची होती, याचा माग काढूनही हक्काचा वारस पुढे आला नाही. अखेर 2021 मध्ये त्यांची वाटणी झाली: अर्धी त्या गिर्यारोहकाला, अर्धी शामोनी गावाला.