दोरीचे दुसरे टोक

कुत्र्याच्या पिल्लास दोरीने चालावयास शिकविणे हा विषय निबंधासाठी घेतला तर कित्येक वाचक मनातल्या मनात हसतील. परंतु दोन जीवांपैकी एकाच्या हाती दोरी आहे, दुसऱ्याच्या गळ्यात तिचे टोक आहे, आणि ज्याच्या गळ्यात ते आहे तो जागचा हलावयास तयार नाही, ही परिस्थिती वाटते तितकी क्षुल्लक नव्हे. राजा व प्रजा, गुरू व शिष्य, बाप व मुलगा यांच्या संबंधांवर जाडजूड ग्रंथ झाले आहेत. त्या सर्वांमागचा प्रश्न गल्लीच्या तोंडाशी बसकण मारून बसलेले ते तीन महिन्यांचे पिल्लू आपल्यापुढे मांडीत असते. जो नाही म्हणतो त्याच्याकडून होय म्हणवून घेण्याचा अधिकार आपणास कोठून आला, आणि तो कोणत्या रीतीने वापरला असता न्याय्य ठरेल?

अधिकाराविषयी फार वाद घालण्याचे कारण नाही. दत्तात्रेयाच्या तसबिरीतील चार श्वानांच्या गळ्यात साखळी नसते हे खरे; पण त्या तसबिरीतून मोटारीही धावत नाहीत. आपल्या रस्त्यांवर मोकळे सोडलेले पिल्लू चाकाखाली जावयास वेळ लागत नाही. तेव्हा दोरी हवी. कठीण भाग पुढचा आहे.

पिल्लू अडून बसते तेव्हा त्याची आकृती पाहण्यासारखी असते. पुढचे पाय रोवलेले, मान आखडलेली, पट्टा कानांपर्यंत सरकलेला. मालक जितके ओढतो तितके ते मागे रेलते. पाहणारे यास हट्ट म्हणतात. वस्तुतः गळ्यास ओढ बसताच उलट दिशेस अंग टाकून तोल सावरणे ही शरीराची सहज क्रिया आहे. आपणही कोणी दंड धरून खेचला असता तेच करू. शिवाय अडण्यास कारणे असतात. पट्टा घट्ट असेल (त्याखाली दोन बोटे सहज गेली पाहिजेत), दुपारच्या डांबरी रस्त्याने तळवे भाजत असतील, किंवा पुढच्या वळणावरचा आवाज त्याने आजवर कधी ऐकला नसेल. स्कॉट व फुलर या दोन अमेरिकन संशोधकांनी 1965 साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात दाखविले आहे की, साधारण तिसऱ्या ते बाराव्या आठवड्यापर्यंत पिल्लू जगाशी जी ओळख करून घेते तिचा ठसा पुढे दीर्घकाळ राहतो. त्याच्या नकारात कोठे तरी एखादी माहिती दडलेली असते, ती अशी.

आता कोणी म्हणेल, ओढू नये हे ठरले. मग खाऊ दाखवावा, म्हणजे झाले. येथे मात्र थांबून विचार केला पाहिजे, कारण सौम्यपणा आणि न्याय ह्या दोन गोष्टी एकच आहेत अशी आपली सोयीस्कर समजूत असते. रशियन शास्त्रज्ञ पावलॉव्ह याच्या व्याख्यानांत (ती 1927 साली इंग्रजीत आली) एका कुत्र्याची हकिगत आहे. तो स्वभावाने गरीब होता, पण प्रयोगाच्या चौकटीत पट्ट्यांनी उभा केला की शांत राहीना; धडपड करी, सुटू पाही. पावलॉव्हने या वृत्तीस स्वातंत्र्याची प्रतिक्षिप्त क्रिया असे नाव दिले आणि तिच्यावर उपाय केला. त्या कुत्र्यास सारे अन्न त्या चौकटीतच मिळू लागले. प्रथम तो थोडेच खाई, वाळला; मग हळूहळू खाऊ लागला, आणि त्याबरोबर त्याची धडपडही मावळली. कोणी त्याला मारले नाही, ओढले नाही. तरीही त्याच्यातील काही एक गोष्ट संपली, आणि ती संपविणाराने तिला स्वातंत्र्य हेच नाव दिले होते.

म्हणून मला वाटते की, बळ आणि आमिष यांच्यामध्ये रेघ ओढून आपण चुकीच्या जागी सीमा आखतो. खरी सीमा कोठे आहे ते दुसऱ्या एका प्रयोगावरून कळते. तो क्रूर होता, हे आधीच सांगून टाकतो. 1967 साली सेलिग्मन व मायर यांनी कुत्र्यांना झोळीत अडकवून विजेचे धक्के दिले. काही कुत्र्यांना डोक्याने एक फळी दाबून धक्का थांबविता येत असे. इतरांना तेवढेच धक्के बसत, पण त्यांनी काहीही केले तरी फरक पडत नसे. पुढे दोघांनाही अशा पेटीत ठेवले की मधला अडथळा ओलांडताच सुटका व्हावी. पहिले कुत्रे उडी मारावयास शिकले. दुसऱ्यांपैकी बहुतेक तसेच सोसत राहिले. त्याहून महत्त्वाची गोष्ट याच दोघांनी 2016 साली लिहिली. आपले प्रथमचे अनुमान उलटे होते, असे त्यांनी कळविले. दीर्घ पीडेपुढे निपचित होणे हे शिकावे लागत नाही, ते उपजतच असते. शिकावी लागते ती गोष्ट म्हणजे आपल्या करण्याने काही घडते, ही.

हे ध्यानात घेऊन पिल्लाकडे परत वळावे. जाणते लोक प्रथम नुसता हलका पट्टा घालून त्यास घरात दोन-चार दिवस वावरू देतात. मग त्यास एक हलकी दोरी बांधून ती आपल्या देखरेखीखाली फरशीवरून फरफटू देतात. तिचे दुसरे टोक अजून कोणाच्याच हाती नसते. पुढे ते टोक हाती घेतात, पण ओढ लागू न देता पिल्लू जाईल तिकडे आपणच जातात. नंतर दोन पावले पुढे जाऊन, गुडघे टेकून, त्यास हाक मारतात. ते आले की पाठीवरून हात, तोंडात एखादा तुकडा. अडले तर दोरी सैल सोडून थांबतात आणि ते कशाकडे पाहत आहे ते आपणही पाहतात. एका वेळी पाच-दहा मिनिटे पुरतात. ह्या रीतीतही खाऊ आहे. पण पावलॉव्हच्या चौकटीत नसलेली एक गोष्ट हिच्यात आहे. येथे पिल्लाच्या अडण्याने दोरी धरणाराचे वर्तन बदलते. फळी दाबली की धक्का थांबतो, हे त्यास रोज नव्याने कळत असते.

मोटार अंगावर येत असेल तर अर्थातच ओढावे, आणि जोराने ओढावे. मात्र त्यास शिक्षण म्हणू नये. आपल्या घरांतून नेमका हा घोटाळा फार होतो. मुलास बखोटीस धरून शाळेत पोहोचविणे कधी आवश्यक होत असेल. पण ते का जात नाही याची चौकशी पोहोचविल्यानंतरही न करणे, आणि महिनाभराने ते गप्प जाऊ लागले म्हणजे लागले वळण असे म्हणून समाधान मानणे, यांत आपण नेमके काय मिळविले याचा हिशेब कोणी करीत नाही. गप्प मूल आणि शिकलेले मूल दुरून सारखेच दिसते. ज्या घरात ते मूल अजून अधूनमधून नाही म्हणते, त्या घराविषयी मला तितकीशी काळजी वाटत नाही.

आमच्या शेजारी एक निवृत्त शिक्षक आहेत. त्यांचे पिल्लू रोज पिठाच्या गिरणीपाशी अडे, आणि हे गृहस्थ सैल दोरी हातात धरून भर रस्त्यात दहा-दहा मिनिटे उभे राहत. येणारे-जाणारे विचारीत, मास्तर, कुत्रा तुम्हाला फिरवतो काय? ते नुसते हसत. गिरणी सुरू असताना पिल्लू बसते, बंद असताना चालते, हे त्यांच्या चौथ्या की पाचव्या दिवशी ध्यानात आले. मग काही दिवस ते गिरणी उघडण्याच्या आधीच बाहेर पडू लागले, आणि पुढे हळूहळू तिच्या आवाजाची वेळ जवळ आणीत गेले. त्या कुत्र्याला आता सहावे वर्ष चालू आहे. संध्याकाळ झाली की तो आपली दोरी स्वतः तोंडात धरून मास्तरांच्या खुर्चीपाशी आणून ठेवतो. पावसाळ्यात मात्र दारापर्यंत जातो, बाहेर डोकावतो, आणि दोरी उंबऱ्यावरच टाकून आत येऊन बसतो. मास्तरही मग चप्पल काढून ठेवतात.