व्यवसायातली मेख

आपल्या धर्मग्रामांतील एखाद्या वाडीत गेले असता कधीकधी एक लहानसा वेगळा वाफा दृष्टीस पडतो. बाजारात जाणाऱ्या वांग्यांवर, मिरचीवर वेळोवेळी औषधाची फवारणी होते. हा वाफा मात्र घरच्या खाण्यासाठी राखलेला असतो आणि फवारणीचा पंप त्याच्याकडे वळत नाही. वाडीचा धनी काही दुष्ट नसतो. तो रविवारी मिस्साला येतो, मुलांना शिकवतो, अडल्यानडल्याला हात देतो. कीड पडलेले वांगे बाजारात कोणी घेत नाही, हेही खरेच. तरीदेखील त्या दोन वाफ्यांमधील अरुंद बांधावर एक प्रश्न उभा असतो. आपला धंदा प्रामाणिक आहे, मापात खोट नाही, कोणाला फसवले नाही. पण आपण जे विकतो त्यानेच कोठेतरी हानी होते असे कळून आले, तर पुढे काय करायचे?

या प्रश्नाची चर्चा जवळच्या माणसांच्या उदाहरणांवरून करणे कठीण असते. नाती आड येतात आणि चर्चेचे पर्यवसान निंदेत होते. म्हणून आम्ही दूरचे उदाहरण घेत आहोत. ते अमेरिकेतील एका लोहाराचे आहे.

इव्हॉन शुइनार्ड यांचा जन्म १९३८ साली अमेरिकेच्या मेन राज्यात, फ्रेंच बोलणाऱ्या एका कष्टकरी कॅथलिक कुटुंबात झाला. पुढे हे कुटुंब कॅलिफोर्नियात आले. तरुणपणी त्यांना कडे चढण्याचा छंद जडला. त्या काळी युरोपातून येणाऱ्या मेखा मऊ लोखंडाच्या असत. गिर्यारोहक त्यांना पिटॉन म्हणतात. कातळाच्या फटीत मेख ठोकायची, तिला दोर अडकवायचा आणि वर सरकायचे, अशी ती रीत. मऊ मेख एकदा ठोकली की बहुधा तेथेच राही. १९५७ साली शुइनार्ड यांनी भंगारातून एक जुनी भट्टी, ऐरण, सांडशी आणि हातोडे आणले आणि लोहारकाम आपले आपणच शिकून घेतले. कठीण पोलादाच्या त्यांच्या मेखा पुन्हापुन्हा काढून वापरता येत. तासाभरात दोन मेखा तयार होत आणि प्रत्येकी दीड डॉलरला ते त्या विकत. आरंभी दुकान असे नव्हतेच. मोटारीच्या मागच्या बाजूस माल ठेवून तो गिर्यारोहकांना विकायचा. पुढे टॉम फ्रॉस्ट हे अभियंता भागीदार झाले आणि १९७० पर्यंत त्यांचा कारखाना गिर्यारोहणाची लोखंडी साधने पुरवणारा अमेरिकेतील सर्वांत मोठा कारखाना ठरला.

येथवरची कथा कष्टाने वर आलेल्या कोणत्याही कारागिराची आहे. आमच्या विषयाला सुरुवात होते ती यानंतर. योसेमिटीच्या खोऱ्यात एल कॅपिटन नावाचा प्रचंड ग्रॅनाइटचा कडा आहे. त्यावरील प्रसिद्ध वाटेने जाऊन आल्यावर शुइनार्ड आणि फ्रॉस्ट खिन्न झाले. ज्या फटी त्यांनी काही वर्षांपूर्वी अखंड पाहिल्या होत्या, त्या आता फुटून रुंदावल्या होत्या. मेख काढता येते, हाच त्या मालाचा गुण होता, आणि वारंवार ठोकून वारंवार काढल्यामुळेच कातळ झिजत होता. माल चांगला होता म्हणून हानी अधिक होती. घाव घालणारे हात इतरांचे असले तरी पोलाद आपल्या ऐरणीवरचे आहे, हे त्या दोघांना नाकारता आले नाही.

त्यांच्या धंद्याचा सुमारे ७० टक्के भाग या मेखांवर उभा होता. तरीही त्यांनी मेखांच्या व्यवसायातून हळूहळू बाहेर पडण्याचे ठरवले. १९७२ च्या मालसूचीत त्यांनी अॅल्युमिनियमच्या पाचरी पुढे आणल्या. या पाचरी हाताने फटीत अडकवता आणि हातानेच काढता येतात. हातोड्याची गरज लागत नाही. कातळाला जखम न करता कसे चढावे, हे सांगणारा डग रॉबिन्सन यांचा दीर्घ लेखही त्याच सूचीत छापला होता. थोड्याच महिन्यांत मेखांची मागणी ओसरली आणि पाचरी पुरवता पुरवेनात.

ही हकिकत सहसा येथेच संपवली जाते आणि तात्पर्य सांगितले जाते की, सचोटीने वागा, धंदा आपोआप वाढेल. आम्हांला हे तात्पर्य फसवे वाटते. सचोटीचे फळ रोखीत मिळाले म्हणून सचोटी खोटी ठरत नाही, हे मान्य. परंतु पाचरी खपल्या नसत्या तर? निर्णय योग्य होता की अयोग्य, हे खपावरून ठरवायचे असेल, तर मग बाजार हाच आपला पापनिवेदन ऐकणारा धर्मगुरू झाला असे म्हणावे लागेल. त्या निर्णयाचे मोल वेगळ्या ठिकाणी आहे. सूची छापायला देताना पुढे काय होईल हे त्या दोघांनाही ठाऊक नव्हते, आणि नुकसान झालेच असते तर ते प्रथम त्यांच्या खिशातून गेले असते. ते मालक होते. त्यांना कोणा भागधारकाची अनुमती घ्यायची नव्हती.

स्वतंत्र व्यवसायाचे खरे महत्त्व आम्हांला यात दिसते. स्वतःचा धंदा असावा असे आपण मुलांना सांगतो, तेव्हा दुसऱ्याची चाकरी नको आणि नफा आपला आपल्याला मिळावा, इतकेच बहुधा मनात असते. पण आपल्या सर्वांत खपणाऱ्या मालालाही ‘नाही’ म्हणता येणे, हे मालकीने मिळणारे याहून मोठे स्वातंत्र्य आहे. नोकरदाराच्या सद्सद्विवेकबुद्धीला वरिष्ठाचा हुकूम आडवा येतो. मालकाला ती सबब नाही.

मात्र यात एक मेख आहे, आणि ती पुढील वीस वर्षांत दिसून आली. १९७३ पासून या कारखान्याच्या शेजारी ‘पॅटागोनिया’ या नावाने कपड्यांचा व्यवसाय उभा राहिला आणि तो लोखंडी साधनांहून कितीतरी मोठा झाला. १९८५ पासून विक्रीचा एक टक्का निसर्गरक्षणासाठी देण्याची प्रथाही सुरू झाली. दुकाने वाढली, माणसे वाढली, कर्ज वाढले. पुढे मंदी आली, विक्री अपेक्षेप्रमाणे झाली नाही, बँकेने हात आखडता घेतला, आणि १९९१ च्या जुलैअखेरीस १२० माणसांना कामावरून कमी करण्यात आले. दर पाच जणांतला एक गेला. योगायोग असा की, त्याच वर्षाच्या मे महिन्यात पोप दुसरे जॉन पॉल यांचे ‘चेंतेसिमुस आन्नुस’ हे परिपत्र प्रसिद्ध झाले होते. नफ्याला स्थान आहे, परंतु नफा हा उद्योगाचा एकमेव हेतू नव्हे, उद्योग हा माणसांचा समुदाय आहे, अशी त्यातील शिकवण आहे.

या दोन प्रसंगांत आम्हांला जो भेद दिसतो तो असा. १९७२ मध्ये चूक मालकाच्या ध्यानात आली आणि ती सुधारण्याचा धोका मालकाने पत्करला. १९९१ मध्ये वाढीची चूक मालकाची होती, पण तिची किंमत ज्यांच्या हाती निर्णय नव्हता अशा १२० घरांनी मोजली. या मालकाचे हेतू दुष्ट होते असे कोणी म्हणणार नाही. त्याच काळात निसर्गासाठी पैसा जातच होता. म्हणजे हेतू शुद्ध असणे पुरेसे नाही. कोणत्याही धंद्यातील नैतिक निर्णयाला आणखी एक प्रश्न विचारावा लागतो. या शुद्ध हेतूचा खर्च कोणाच्या नावे लिहिला जात आहे?

हा प्रश्न हाती घेतला की पुढच्या घटना वेगळ्या दिसू लागतात. १९८८ साली बॉस्टनमधील त्यांच्या नव्या दुकानात नोकरांची डोकी दुखू लागली. सुती कपड्यांवरील प्रक्रियेतील फॉर्माल्डिहाइड हे त्याचे कारण निघाले. खेळती हवा आणून प्रश्न मिटवता आला असता. पण त्या निमित्ताने कापूस कसा पिकतो याची चौकशी झाली आणि शेतात फवारल्या जाणाऱ्या विषांचा उलगडा झाला. १९९४ मध्ये निर्णय झाला आणि १९९६ पासून त्यांचे सर्व सुती कपडे रासायनिक औषधांविना पिकवलेल्या कापसाचे होऊ लागले. कापूस महाग पडला आणि काही भार कंपनीने आपल्या नफ्यावर घेतला. आरंभी सांगितलेले दोन वाफे येथे एक झाले, असे म्हणता येईल.

परंतु सर्वच हानी अशी टाळता येत नाही. २०११ च्या नोव्हेंबरात, अमेरिकेत खरेदीची झुंबड उडते त्या दिवशी, या कंपनीने वर्तमानपत्रात पानभर जाहिरात दिली आणि आपलेच जाकीट विकत घेऊ नका, असे वाचकांना सांगितले. ते एक जाकीट तयार व्हायला १३५ लिटर पाणी लागते आणि त्याच्या वजनाच्या चोवीसपट कार्बन डायऑक्साइड हवेत जातो, हा हिशेब त्यांनीच मांडला होता. पुढील वर्षी विक्री वाढली. टीकाकार हसले, आणि त्यांचे हसणे अगदीच अनाठायी नव्हते. कबुली देणे आणि विकत राहणे या दोन्ही गोष्टी एकाच तोंडाने कशा कराव्यात? तैवानमधील काही पुरवठादार गिरण्यांत परदेशांतून आलेल्या कामगारांनी नोकरीसाठी दलालांना भरमसाट रकमा मोजल्या होत्या आणि त्या कर्जाने ते बांधले गेले होते, हेही कंपनीच्या तपासणीतच उघडकीस आले. नंतर अशा रकमांना बंदी करणारे नियम तिने केले. स्वच्छ कापसाच्या दुकानाचे एक दार अशा रीतीने कोणाच्या तरी ऋणाच्या कोठडीत उघडत होते.

शेवटी २०२२ च्या सप्टेंबरात शुइनार्ड कुटुंबाने सुमारे तीन अब्ज डॉलर किमतीची ही कंपनी आपल्या हातून सोडून दिली. मताधिकार असलेले दोन टक्के समभाग एका विश्वस्त निधीकडे गेले, उरलेले ९८ टक्के निसर्गरक्षणासाठी काम करणाऱ्या संस्थेकडे. धंद्यात पुन्हा न गुंतवलेला नफा आता त्या कामी जायचा आहे. यामुळे कुटुंबाचा मोठा कर वाचला आणि विश्वस्तांवरील प्रभावही राहिला, असा आक्षेप घेतला गेला. तो विचारात घेण्याजोगा आहे. तरीही एक गोष्ट उरतेच. कंपनी विकून पैसा वाटता आला असता. पण नवा धनी जुने शब्द पाळील याची शाश्वती नव्हती. मालकीमुळे मिळालेले ‘नाही’ म्हणण्याचे स्वातंत्र्य टिकावे, यासाठी येथे मालकीच सोडली गेली.

संत लूक यांच्या शुभवर्तमानातील जक्कय येथे आठवतो. प्रभू येशू घरी येताच त्या जकातदाराने अर्धी मालमत्ता गरिबांना आणि ज्यांना नागवले त्यांना चौपट देण्याचे जाहीर केले. त्याने जकातीचे काम सोडले असे शुभवर्तमान सांगत नाही. त्याचा पश्चात्ताप आपल्याला खरा वाटतो, कारण त्याने तो स्वतःच्या थैलीतून मोजून दिला. ख्रिस्तसभाही आपल्याला हेच शिकवत आली आहे. नुसता खेद पुरेसा नाही. ज्याचे घेतले त्याचे शक्य तितके परत करायला हवे. पापनिवेदन आपण खासगी दोषांचे करतो. दुकानाच्या, कारखान्याच्या, वाडीच्या वहीत दडलेले दोष मात्र तेथवर क्वचितच पोहोचतात. त्यांना आपण व्यवहार म्हणून बाजूला ठेवतो.

आता त्या वाफ्याकडे परत येऊ. वाडीवाल्याकडे कारखाना नाही आणि अब्जावधीचे समभागही नाहीत. उद्यापासून फवारणी थांबवा असे त्याला सांगणे, म्हणजे आपल्या शुद्ध हेतूचा खर्च पुन्हा दुबळ्याच्या नावे टाकणे होय. तो खर्च वाटून घ्यावा लागेल. त्यात ग्राहकाचाही हिस्सा आहे. डाग पडलेले वांगे बाजूला सारणारा आणि दोन रुपयांसाठी घासाघीस करणारा हात आपलाच असतो, आणि मिस्सानंतर तोच हात शांतीसाठी शेजाऱ्यापुढे होतो. ज्याचा धंदा थोडा स्थिरावला आहे, त्याला मात्र एक काम आजच करता येईल. आपल्या मालापैकी कोणता माल आपण आपल्या मुलांच्या ताटात, अंगावर किंवा औषधाच्या बाटलीत ठेवणार नाही, याची यादी करावी. शुइनार्ड यांना यासाठी एल कॅपिटनचा कडा चढून जावे लागले. आपल्याला परसातल्या बांधापर्यंत जाणे पुरेसे आहे.

यादी लहान असली तर आनंदच आहे. मोठी असली तर तीतील एक नाव यंदा खोडावे आणि त्याची तूट घरखर्चातून भरावी, गड्याच्या मजुरीतून नव्हे. पुढच्या वर्षी आणखी एक. घरच्या खाण्याचा वाफा असा दरवर्षी एकेका सरीने रुंद होत गेला, तर त्यातली एखादी जुडी बाजारातही जाईल, आणि ती कोणाच्या घरी शिजणार आहे हे ठाऊक नसतानाही आपण ती निर्धास्तपणे विकू शकू.