शीळ कोणाची?

सुट्या भागांची पेटी मागवून मी एका व्हॉल्व्हचा रेडिओ जुळवला. नऊ व्होल्टच्या दहा बॅटऱ्या ओळीने जोडल्या की नव्वद व्होल्ट होतात. युक्ती एडविन आर्मस्ट्राँगची, १९१४ च्या पेटंटातली: व्हॉल्व्हने वाढवलेली लहर थोडीथोडी पुन्हा त्याच्याच पदरात घालायची. खुंटी फिरवावी तसतशी दूरची केंद्रे बोलू लागतात. पण मर्यादा ओलांडली की संच स्वतःच लहरी फेकतो आणि शेजारच्या रेडिओत शीळ घुमते. १९२० नंतरच्या दशकात बीबीसीला यासाठी श्रोत्यांची विनवणी करावी लागली होती.

एके सकाळी भिंतीपलीकडचे तात्या म्हणाले, "मास्तर, रात्री आमचा रेडिओ सारख्या शिट्ट्या मारत होता. म्हातारा झाला बिचारा, माझ्यासारखाच!"

मी हसलो, आणि गप्प राहिलो.

सर्वांत स्पष्ट ऐकू येते ते मर्यादेच्या अगदी काठावर. तिथे एखाद्याचा तोल जायचाच. तेवढे क्षम्य आहे. पण शीळ आपली हे ठाऊक असून दुसऱ्याला स्वतःच्या रेडिओवर संशय घेऊ देणे?

फराळाचे ताट घेऊन गेलो आणि सारे सांगून टाकले. तात्यांचा चेहरा उजळला.

"म्हणजे आमचा रेडिओ धडधाकट आहे तर!"