तिसरी पाकळी

पाऊस पडला की बांधावर, परसात, न लावता कुंडीतसुद्धा केना उगवतो. शेतकरी त्याला खुरपून बांधावर टाकतो, तर तिथेही कांड्यांना मुळं फुटतात. सकाळी त्याला निळं फूल येतं आणि दुपारपर्यंत कोमेजतं. फुलाला पाकळ्या तीन. वरच्या दोन रुंद आणि निळ्याशार. तिसरी खाली, लहानशी, फिकी, मुद्दाम शोधली तरच दिसणारी.

या केन्याचं शास्त्रीय नाव कोमेलिना बेंगालेन्सिस. कोमेलिन हे ॲम्स्टरडॅमचं एक घराणं. त्यातल्या यान कोमेलिनने १६८२ साली तिथली औषधी वनस्पतींची बाग उभी करायला हातभार लावला. मलबारच्या वनस्पतींवरच्या ‘होर्तुस मलबारिकुस’ या बारा खंडांच्या ग्रंथातही त्याची टिपणं आहेत. (याच ग्रंथासाठी रंग भट, विनायक पंडित आणि अप्पू भट या कोकणी वैद्यांनी आपली विद्या मोकळ्या हाताने दिली, तेही इथे सांगायलाच हवं.) यानचा पुतण्या कास्पर. त्याने काकांचं काम पुढे नेलं आणि १६९६ साली त्या प्रचंड ग्रंथाची सूची छापली.

घराण्यात तिसराही एक होता. वनस्पतिशास्त्रात हातून काही घडण्याआधीच तो वारला.

कोमेलिना हे नाव फ्रेंच धर्मोपदेशक प्ल्युमिए याने १७०३ साली छापलं होतं. पुढे वनस्पतिशास्त्रज्ञ लिनियसने ते कायम ठेवलं. झाडाला माणसाचं नाव द्यायचं तर दोघांचा काही मेळ असावा, असं त्याचं मत. १७३७ च्या पुस्तकात त्याने हा मेळ सांगितला: दोन ठसठशीत पाकळ्या म्हणजे दोन नामवंत कोमेलिन, आणि न दिसणारी तिसरी म्हणजे तो अकाली गेलेला. कर्तबगार दोघांवर थांबला असता तरी कुणी जाब विचारला नसता. त्याने तिसऱ्यालाही धरलं. मला हा त्याचा मोठेपणा वाटतो.

केन्याची आणखी एक गोष्ट आहे. त्याला जमिनीखालीही फुलं येतात. ती कधीच उमलत नाहीत, एकही माशी त्यांच्यापर्यंत पोचत नाही. तरी मातीच्या पोटात त्यांना बी धरतं, आणि ते वरच्या बियांपेक्षा सहसा मोठं असतं. या पावसाळ्यात खुरपणीला बसाल, तेव्हा एखाद्या केन्याच्या बुडाशी हलक्या हाताने माती उकरून पाहा.